आग्नेलदादा हसतमुख नव्हता

फोन आला तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात वर ओढलेल्या होड्यांची यादी करत होते. मासेमारीचा मोसम संपला होता. सगळ्या होड्या माडांखाली आल्या होत्या आणि कोणाच्या होडीवर ताडपत्री आहे, कोणाची अजून उघडी आहे, हे पावसाआधी लिहून ठेवायचं काम माझं. फोनवर फिलूबाय होती, आग्नेलदादाची बायको. आवाज अगदी सरळ, बाजारातून काय आणू म्हणून विचारावं तसा. "सुनंदा, आमी परत येतंव. फुडे जावचा कारण नाय रवला." आग्नेलदादाला घेऊन गोव्याच्या इस्पितळाकडे सकाळी निघालेली गाडी धामापूरपर्यंतच पोचली होती. माझ्या तोंडून रडं निघालं नाही, शिवी निघाली. ती फिलूबायने ऐकली, आणि तिकडून फक्त "व्हय गो" एवढंच आलं...

त्याला आता बरेच आठवडे झाले. चर्चमध्ये महिन्याच्या प्रार्थनेचा मीस झाला, सोसायटीने शोकसभा घेतली, आणि माझा राग काही उतरला नाही. शोकसभेनंतर तो वाढलाच. आमचे चेअरमन माईकपुढे उभे राहून म्हणाले, "आग्नेल म्हणजे सदैव हसतमुख माणूस, कधी कुणाला उलट बोलला नाही. आपल्या सोसायटीने संगणकाचं युग या किनाऱ्यावर आणलं, त्यात त्याने खारीचा वाटा उचलला." लोकांनी माना डोलावल्या. मी सोसायटीची सचिव. सभेचा वृत्तांत मीच लिहिते, त्यामुळे ही वाक्यं मला माझ्या हाताने लिहावी लागली. ती लिहिली. आता खरं काय ते इथे लिहिते.

आग्नेलदादा हसतमुख नव्हता. तो तिरसट होता, चहात साखर जास्त पडली तरी कप परत पाठवायचा, आणि उलट तर इतकं बोलायचा की चर्चच्या मागच्या त्याच्या घरावरून जाताना माणसं सायकलवरून उतरून हळू चालायची. तरुणपणी तो जहाजावर रेडिओ ऑफिसर झाला. कानाला हेडफोन लावून खरखरीतून कामाचा आवाज वेगळा काढायचा, हा त्याचा व्यवसाय. मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली, रेडिओ ऑफिसरची जागाच गेली आणि तो चांगला धडधाकट असताना घरी येऊन बसला. येताना आणलेल्या सामानात जहाजावरचा तो जुना काळा हेडफोन होता. वाडीत त्याचं नाव पडलं रेडिओवालो आग्नेल. समोर कोणी म्हणायचं नाही.

संगणक सोसायटीने आणला नाही, हेही लिहून टाकते. आमच्या वाडीच्या मुंबईकर मंडळाने कुठल्याशा कार्यालयातला मोडीत निघालेला एक यंत्रसंच, प्रिंटरसकट, पाठवला होता. चेअरमननी त्याला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. थोड्याच दिवसांत त्याच्यात व्हायरस शिरला आणि तो सुरूच होईना. दुरुस्त करू या म्हटलं तर चेअरमन म्हणाले, "ऱ्हवांदे गो. दिसाक बरो दिसता." तो तसा दिसायला बरा म्हणून वर्षभर राहिला. २००३ च्या पावसाळ्यात आग्नेलदादा कार्यालयात आला, रुमाल उचलून खुर्चीवर फेकला आणि मला म्हणाला, "बाय, ह्यो माका व्हयो." त्याच्या हातात मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी होती. फुकट होती हे मला आवडलं. त्याला वेगळंच आवडलं होतं, की यातलं सगळं उघडून बघता येतं. जहाजावर सेट बिघडला की झाकण काढून आत बघायचं, दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती.

लिनक्स चढलं. पडद्यावर अक्षरं आली, मी त्यात होड्यांची यादीसुद्धा केली. पण त्याला यादी नको होती. त्याला त्या यंत्रातून फोन लावून इंटरनेटवर जायचं होतं, तिथलं उपग्रहाचं चित्र उतरवायचं होतं आणि नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जायच्या आत ते सोसायटीच्या फळ्यावर लावायचं होतं. एवढा आटापिटा कशाला, असं मी त्याला एकदा विचारलं. त्याने मान वर केली नाही. "कैतान गेलो त्या दिसा मी ह्याच समुद्रात होतंय. वादळाचो कागद माझ्या हातात होतो. ह्याच किनाऱ्याचो. मी तो कॅप्टनाक दिलंय, कॅप्टनान जहाज भायर काढल्यान, आणि आमी जेवूक बसलंव. हय कैतान जाळी घेवन गेलो... तेका कोण सांगतलो?" कैतान म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. मी शाळेत असताना त्याची होडी रिकामी किनाऱ्याला लागली होती, ते मला आठवत होतं. कागदाचं मला ठाऊक नव्हतं. माझ्याजवळ पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, मीही नाही.

त्या यंत्राच्या पोटात मॉडेमचं कार्ड होतं, पण ते निघालं अर्धं. म्हणजे त्याचं निम्मं काम विंडोजमधल्या एका सॉफ्टवेअरने करायचं, असा तो मॉडेम बनवलेला. लिनक्सला तो ओळखताच येईना. लिनक्ससाठीचं तसं सॉफ्टवेअर इंटरनेटवर मिळत होतं... आणि इंटरनेटवर जायला मॉडेम हवा होता. आग्नेलदादा एसटीने कुडाळला जायचा, सायबर कॅफेत बसून ते उतरवायचा, फ्लॉपीवर घेऊन यायचा. पावसाळी हवेत फ्लॉपी इथे पोचेपर्यंत वाचेनाशी व्हायची. एकदा कागदाच्या पुडीत, एकदा प्लास्टिकमध्ये, शेवटी त्याने ती फिलूबायच्या मिठाच्या बरणीजवळ नको म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. फ्लॉपी वाचली गेली तर आवृत्ती जुळायची नाही. पडद्यावर चुकांची रांग यायची आणि तो तिला मालवणीत उत्तरं द्यायचा. "शिरा पडांदे ह्या मशिनीर!" हे कार्यालयात इतक्या वेळा झालं की डिझेलचा कोटा विचारायला येणारे लोक दारातूनच विचारायचे, "आज खंयसर इला म्हणता?"

एक दिवस कार्ड ओळखलं गेलं. आता फोन लावून बघायचा, तेव्हा बातमी वाडीभर झाली आणि भिकाजी तांडेल नारळ घेऊन आला. तांडेल म्हणजे होडीचा नायक, आणि भिकाजी सगळ्या तांडेलांत जुना. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो होडीला नवा दोरसुद्धा बांधत नाही. तो संगणकापुढे उभा राहिला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी ह्यो जो कायतरी डबो मांडलेलो आसा..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तेका भायर जावची वाट गावांदे..." "व्हय म्हाराजा!" "आणि जो कोण मदी पाय घालीत, तेचो पाय तेच्याच गळ्यात पडांदे!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आग्नेलदादाचा, गळ्यातल्या क्रूसासकट. हे म्हणताना तो चेअरमनकडे बघत होता. नारळ फुटला, बटण दाबलं आणि पडद्यावर आलं की लाइनवर टोनच नाही. लोक हसले. चेअरमन सगळ्यांत जोरात हसले आणि म्हणाले, "देवाक इंग्लिश येना नसात."

लोक पांगले तसा आग्नेलदादाने हेडफोन काढला, त्याच्या वायरी फोनच्या तारेला चिमटे लावून जोडल्या आणि डोळे मिटून ऐकत बसला. नंतर माझ्या कानाला लावला. टोन होता. नेहमीची गुणगुण, माझ्या कानाला चांगली स्पष्ट. तो म्हणाला, "माका आयकाक येता, तुका आयकाक येता. ह्या मेल्याक आयकाक येना नाय. हेका शिकवलेलो टोन वेगळो, आमच्या एक्स्चेंजाचो वेगळो." तो टोन बदलणं कोणाच्या हातात नव्हतं. मग त्याने पुस्तिकेची पानं उलटली, सुरुवातीच्या आज्ञेत एक अक्षर आणि एक आकडा वाढवला आणि मला समजावून सांगितलं, कारण मी पायऱ्या लिहून घेत होते. "लिव. हेका सांगलंय, टोनाची वाट बघू नको. आयकाक इलो नाय तरी नंबर फिरव." नंबर फिरला. शिट्टी, खरखर, मग दोन यंत्रं एकमेकांवर ओरडताहेत असा आवाज, आणि शांत... तो माणूस हसला नाही. उठून व्हरांड्यात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. यंत्रावर चित्र वरून एकेक पट्टीने उतरत होतं.

आता मध्ये पाय घालणाऱ्याचं लिहिते. सोसायटीचा फोन हा सगळ्या वाडीचा पी.पी. नंबर होता. मुंबईच्या चाकरमान्यांच्या डायरीत, लग्नपत्रिकांवर, आखाती देशांतल्या मुलांच्या पाकिटात हाच नंबर, आणि कोणाचा फोन आला की मी माणसाला हाक मारून बोलावणार. चेअरमन म्हणाले, तुमचा इंटरनेट चालू असला की लाइन अडते, बाहेरचा फोन येत नाही. मुद्दा खरा होता, म्हणून मी तोडगा काढला. मुंबईचे फोन सुरू व्हायच्या आत, सकाळी होड्या निघायच्या वेळी, थोडा वेळ लाइन आग्नेलदादाची. लेखी केलं, भिंतीवर लावलं. चेअरमननी त्यावर काय करावं? फोनला लाकडी पेटी करून घेतली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र फळ्यावर होतं. कुलूप पेटीला होतं, तार भिंतीतून थेट यंत्राला येत होती. चेअरमनना हे कळायला किती दिवस लागले ते मी लिहीत नाही, वारलेल्या माणसाच्या लेखात जिवंत माणसाची एवढी शोभा बरी नाही.

पण खरा घाव पुढे बसला. त्याच मोसमात चित्रात ढगांचा भोवरा दिसला आणि त्याने फळ्यावर खडूने लिहिलं, जाऊ नका. भिकाजी थांबला म्हणून बाकीचे थांबले. दिवसभर समुद्र बशीतल्या पाण्यासारखा पडून राहिला. शेजारच्या गावच्या होड्या बांगड्याने भरून आल्या, आणि आमच्या बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. संध्याकाळी चेअरमन कार्यालयात आले ते श्रोते घेऊनच. "काय रे आग्नेल, वादळ तुझ्या डब्यातच रवला? आमच्या सोलकढीत पण लाट येवक नाय!" आग्नेलदादा, हा कधी उलट न बोलणारा माणूस, म्हणाला, "वारो खंय जातलो ता देव सांगता, मी नाय. मी फकत सांगतंय तो निघालो. थांबल्यान तुमचो एक दीस गेलो. माझो भाव गेलो." हे वाक्य तेव्हाच्या वृत्तांतात नाही. ती सभा नव्हती. म्हणून इथे लिहिते.

त्यानंतर कितीतरी महिने फळ्यावरचं चित्र कोणी बघितलं नाही. एकाने त्यावर मिशा काढल्या. आग्नेलदादा रोज यायचा, नंबर लावायचा, चित्र लावायचा, आणि पुढच्या वर्षी एका सकाळी पुन्हा लिहिलं, जाऊ नका. समुद्र पुन्हा बशीसारखाच होता. भिकाजी तांडेल विडी संपेपर्यंत फळ्यापुढे उभा राहिला, मग वळून आपल्या खलाशांना म्हणाला, "दोर सोडू नको रे." दुपारी जे आलं त्याने सोसायटीची कौलं उडाली, रांगेतले माड आडवे झाले. आमची एकही होडी पाण्यात नव्हती. वाटलं, आता तरी कोणी त्याच्या घरी जाईल. कोणी गेलं नाही. चुकलो, असं कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून एवढंच झालं की माणसं सकाळी फळ्यापुढे उभी राहू लागली, जशी काही ती नेहमीच राहत होती. मला आजही याची चीड येते. त्याला येत नव्हती. म्हणाला, "बाय, बघतत मा? मगे झाला."

माझा सगळ्यांत मोठा राग मात्र त्याच्यावरच आहे, आणि तो मी शोकसभेत बोलू शकले नाही. यंदाच्या मोसमाच्या शेवटी शेवटी त्याच्या छातीत दुखायला लागलं. चढ चढला की तो मध्येच थांबून माडाला हात लावून उभा राहायचा आणि माडाकडे बघतोय असं दाखवायचा. मी गोव्याच्या डॉक्टरची वेळ घेतली, गाडी सांगितली, सोबत कोण येणार ते ठरवलं. तो म्हणाला, "होडये वर येवंदेत. मगे जातंय." मी म्हटलं, मी लावते फोन, मी उतरवते चित्र, सगळ्या पायऱ्या माझ्याच अक्षरात भिंतीवर आहेत. "तुका फोन लावूक येता. वारो वाचूक येना नाय." इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून मी ती चित्रं बघत आले होते. येत होतं मला. निदान दोन आठवड्यांपुरतं तरी येत होतं! भांडलो आम्ही. दुसरी वेळ घेतली, तीही त्याने घालवली. शेवटची होडी वर आली, तिच्याखाली लाकडं लागली, ते त्याने डोळ्यांनी बघितलं, आणि दुसऱ्या सकाळी गाडीत बसला. ज्या माणसाने निर्जीव यंत्राला शिकवलं की आवाजाची वाट बघत बसू नको, तो स्वतः... धामापूरच्या तळ्याजवळ, गाडीत, बायकोच्या खांद्यावर. हे मी त्याला माफ केलेलं नाही. पुढे करीन असंही वाटत नाही.

शोकसभेत ठराव झाला की आता ब्रॉडबँड येणार आहे तर जुनं यंत्र काढून टाकावं, आणि आग्नेलदादाचा हेडफोन काचेच्या शोकेसमध्ये फोटोबरोबर ठेवावा. टाळ्या पडल्या. फिलूबाय पहिल्या रांगेत काळ्या कपड्यांत बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. जाताना माझ्या हातात खडूचा डबा ठेवला. "घरात होतो. तेका सादळलेलो खडू मऊ लागायचो, घरी उन्हात वाळवायचो."

नारळी पौर्णिमा झाली. होड्यांवरच्या ताडपत्र्या निघाल्या, हळदीकुंकू झालं. पहिल्या दिवशी मी सकाळी कार्यालय उघडलं आणि पायऱ्यांचा कागद न बघता यंत्र सुरू केलं. नंबर फिरला, शिट्टी झाली. त्या खरखरीत एक जागा अशी येते की तिथेच कळतं, लागणार की तुटणार. आग्नेलदादा तेवढ्यापुरती मान तिरकी करायचा. माझी मान तिरकी झाली आहे, हे मला लाइन लागल्यावर कळलं. चित्र एकेक पट्टीने उतरत गेलं, गुजरात, मुंबई, रत्नागिरी, आपण, गोवा. गोव्याच्या खाली समुद्रात ते होतं. ढगांचा भोवरा, त्याची शेपटी आमच्या बाजूला वळलेली. मी ते पुष्कळ वेळ बघितलं. विचारायला कोणी नव्हतं.

बाहेर चेअरमन नवा शर्ट घालून मुहूर्ताला उभे होते. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, जाऊ नका. "सुनंदा," चेअरमन म्हणाले, "पयलो दीस गो! समुद्र बघ वायच." मी बघितला. बशीसारखा होता. मी फळ्याकडे वळले आणि पहिलं अक्षर फिकट उमटलं होतं ते पुन्हा गिरवलं. भिकाजी तांडेल आला. आता त्याला बारीक दिसत नाही, तो अगदी फळ्याला नाक लावून वाचतो. "कोणी लिवला?" "मी." त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग खिडकीतून आत, रिकाम्या खुर्चीकडे. आणि वळून ओरडला, "दोर सोडू नको रे!"

त्या दिवशी वारा आला की नाही, ते मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांत आमचे चेअरमनही असतील. हेडफोन यंत्राशेजारच्या खिळ्यालाच आहे, फोनच्या तारेला चिमटे लावता येतील इतक्या अंतरावर. शोकेसची ऑर्डर मी रद्द केली आहे.